सत्तावन्न हजार नऊशे रुपये कुठे गेले? सांगलीतल्या एका सरकारी रोख्याचे प्रकरण

जुलै २०२२. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका एका रविवारी सकाळी माझ्याकडे विश्रामबागेत आल्या. एका हातात भडंगाचा पुडा, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल. बँकेच्या ट्रेझरीत रोख्यांची खरेदी-विक्री करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर ओळखीतले लोक अशा फाइली घेऊन येतात. नाव सांगण्याची गरज नाही. शाळेतल्या सगळ्याच पिढ्या त्यांना बाई म्हणत आल्या, आपणही बाईच म्हणू.

बाईंनी बसायच्या आतच विचारले, "साहेब, सरकारी कागद बुडतो का हो?"

फाइलमध्ये सोळा महिन्यांचा इतिहास होता. मार्च २०२१ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण होऊन बाई निवृत्त झाल्या. मिळालेल्या पैशांतून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हाची कमाल मर्यादा, म्हणजे १५ लाख, भरले. ९ लाखांची बँकेत ठेव केली. राहिले १० लाख. बँका तेव्हा पाच-साडेपाच टक्के देत होत्या. पुण्यातल्या मुलाने रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर खाते उघडून दिले. नोव्हेंबर २०२१ मध्येच ही सोय सामान्य माणसासाठी सुरू झाली होती. जानेवारी २०२२ च्या लिलावात दहा वर्षांचा नवा सरकारी रोखा, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचा कागद, आला: व्याज ६.५४ टक्के, मुदत १७ जानेवारी २०३२. बाईंनी १० लाखांचा घेतला, साधारण दर्शनी किमतीलाच, म्हणजे शंभराला शंभर.

जुलैत पहिल्या सहामाहीचे ३२,७०० रुपये बिनबोभाट जमा झाले. ते बघायला मुलाने लॉगिन केले आणि सहज त्या दिवशीचा बाजारभाव काढला. शंभराला ९४ रुपये २१ पैसे. दहा लाखांचे ९ लाख ४२ हजार झाले होते. सरकार जागेवर, व्याज वेळेवर, आणि ५७,९०० रुपये गायब.

गायब कुठे झाले याचे उत्तर त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत होते. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले, तेल भडकले, एप्रिलची महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरल्या तारखेची वाट न पाहता रेपो दर, म्हणजे बँकांना उसने देण्याचा दर, ४.०० वरून ४.४० केला, जूनमध्ये ४.९०. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर बाजार आता ७.४ टक्क्यांच्या आसपास दर मागत होता. बाईंच्या हातात मात्र ६.५४ चा कागद. तो शंभराला कोण घेणार?

हे बाईंना पटले. पण पटले म्हणजे समजले असे नव्हे, आणि त्यांच्या डोक्यात दोन परस्परविरोधी सल्ले घोळत होते. मुलगा म्हणत होता, "मुदतीपर्यंत धर, तोटा नुसता कागदावरचा आहे." ओळखीतले एक गृहस्थ म्हणत होते, "तोटा घेऊन मोकळ्या व्हा आणि हे साडेदहा टक्क्यांचे डिबेंचर, कंपनीचा कर्जरोखा, घ्या, दोन वर्षांत भरून निघेल."

माझ्या मते दोघेही चुकत होते, आणि मुलाची चूक जास्त ओळखीची असल्यामुळे जास्त फसवी.

किंमत कशी निघते

बाईंचे वडील हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होते. म्हणून मी 'वर्तमान मूल्य' वगैरे काढलेच नाही. व्यापाऱ्यांची हुंडी, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, त्यांना ठाऊक होती. विचारले, "मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवायला आली तर वडील काय करायचे?"

"बट्टा कापायचे. तेवढे पैसे कमी द्यायचे."

"किती?"

"जेवढी मुदत लांब तेवढा जास्त. आणि बाजारात पैसा महाग असला तरी जास्त."

रोख्याचे मूल्यांकन म्हणजे एवढेच. बाईंचा रोखा ही एक हुंडी नाही, वीस हुंड्यांचा गठ्ठा आहे. दर सहा महिन्यांनी शंभरामागे ३.२७ रुपयांची एक, आणि शेवटची १०३.२७ ची. एक वटून गेली होती, एकोणीस उरल्या होत्या. प्रत्येक हुंडीवर आजच्या दराने बट्टा कापायचा आणि बेरीज करायची. आजचा दर म्हणजे बाजाराच्या भाषेत यील्ड, ७.४ टक्के. सहामाहीला ३.७.

पहिली हुंडी: ३.२७ भागिले १.०३७, म्हणजे ३.१५. दुसरी दोनदा भागायची, ३.०४. अशा एकोणीस व्याजांची आजची किंमत होते ४४ रुपये ०६ पैसे. शेवटी मिळणाऱ्या शंभराची?

बाईंनी अंदाज केला, "ऐंशी?"

५० रुपये १४ पैसे. साडेनऊ वर्षांनी येणारे शंभर आज पन्नासाला पडतात. बाई चष्मा काढून आकड्याकडे बघत राहिल्या. बेरीज ९४.२० येते, पैशाचा फरक पूर्णांकनातला. मुलाने काढलेला बाजारभाव तोच. पडद्यावरचा आकडा कुठल्या सट्टेबाजाच्या लहरीतून आलेला नाही, ही कोणीही कागदावर करावी अशी बेरीज आहे, हे कळल्यावर बाईंचा अर्धा ताप तिथेच उतरला.

मग खरा मुद्दा. बाई म्हणाल्या, "पण साहेब, हरिपूरच्या पेवात हळद ठेवली आणि भाव उतरला, तर विकल्याशिवाय तोटा कसला? पोती तेवढीच राहतात."

कागदावरचा तोटा खोटा, हा मुलाचा युक्तिवाद बाईंनी हळदीत बसवला होता. युक्तिवाद मोहक आहे. पण हळदीची पोती आणि रोखा यांत एक फरक आहे. पोत्यातून पुढे काय मिळेल हे कोणाला माहीत नसते. रोख्यातून काय मिळणार हे रुपया-पैशात लिहून दिलेले असते, आणि म्हणूनच तोटा कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते. मी दुसरा कागद घेतला.

आज कोणी दहा लाख रुपये ७.४ टक्क्यांच्या सरकारी रोख्यात टाकले तर वर्षाला ७४,०००. बाईंना मिळणार ६५,४००. दरवर्षी ८,६०० ची उणीव, सहामाहीला ४,३००, एकोणीस वेळा. ही प्रत्येक उणीव म्हणजेही एक हुंडीच, उलट्या बाजूची. त्यांच्यावरही ३.७ टक्क्यांनी बट्टा कापला आणि बेरीज केली. उत्तर आले ५७,९४० रुपये.

बाईंनी तो आकडा दोनदा वाचला. "म्हणजे गेले ते हेच?"

हेच. विकले तर ५७,९०० आज एकरकमी जातात. न विकता धरून ठेवले तर तेच पैसे ४,३०० च्या एकोणीस हप्त्यांनी जातात, फक्त कळत नाहीत, कारण खात्यात दर वेळी ३२,७०० जमाच होताना दिसतात. 'मुदतीपर्यंत धरले तर तोटा नाही' हे वाक्य मी ट्रेझरीत असल्यापासून ऐकतो आहे. मोठमोठ्या बँकाही काही रोखे 'मुदतीपर्यंत धरायचे' अशा कप्प्यात टाकून त्यांची रोजची किंमत ताळेबंदात दाखवत नाहीत. कायद्याने ते योग्यच आहे. पण न दाखवल्याने उणीव थांबत नाही.

यातून उलट निष्कर्षही निघतो, आणि तो विकायला निघालेल्यांनी ऐकावा असा आहे. ९.४२ लाखांना विकून तेच पैसे दुसऱ्या ७.४ च्या सरकारी रोख्यात टाकले तर वर्षाला सुमारे ६९,७०० मिळतील, म्हणजे आतापेक्षा ४,३०० जास्त, पण शेवटी हातात १० लाखांऐवजी ९.४२ लाख. बट्टा कापून दोन्ही बाजू मांडल्या तर तराजू समान. तोटा होऊन गेलेला आहे. त्याच जातीच्या कागदात अदलाबदल करून तो भरून निघत नाही.

म्हणून 'तोट्यात विकू का' हा प्रश्नच बाजूला ठेवून मी विचारले, "हे पैसे तुम्हाला कधी लागणार?"

२०१९ च्या महापुरात बाईंच्या घरात पाणी होते. घर साफ करून रंग दिला, तर २०२१ च्या जुलैत पुन्हा. गावभाग सोडून उंचावर लहानसा फ्लॅट घ्यायचा हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. ताबा दोन वर्षांत, तेव्हा आठ-नऊ लाख लागणार. त्यासाठी ९ लाखांची ठेव होतीच. रोख्याच्या पैशांना २०३२ पर्यंत काम नव्हते. उलटे असते, म्हणजे फ्लॅटचे पैसे दहा वर्षांच्या रोख्यात अडकलेले असते, तर मी वेगळे बोललो असतो. बाजाराचा दर एक टक्का हलला की या रोख्याची किंमत साधारण सात टक्के हलत होती. दोन वर्षांत लागणारा पैसा असल्या कागदात ठेवणे म्हणजे पावसाळ्यात कृष्णेच्या काठाला मांडव घालणे.

एक गोष्ट मात्र मी बाईंना स्पष्ट सांगितली, जरा कडू लागेल हे माहीत असूनही. खरी चूक जानेवारीतच झाली होती. त्याच महिन्यात केंद्र सरकारचे बदलत्या दराचे बचत रोखे ७.१५ टक्के देत होते आणि त्यांचा दर दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो. ते सात वर्षे विकता येत नाहीत म्हणून मुलाने नको म्हटले होते. जे पैसे दहा वर्षे लागणारच नव्हते, त्यांच्यासाठी 'कधीही विकता येते' या सोयीची किंमत बाईंनी वर्षाला सहा हजार मोजली.

साडेदहा टक्क्यांचा कागद

त्या गृहस्थांनी आणलेले डिबेंचर एका खासगी वित्त कंपनीचे होते. पाच वर्षे, १०.५ टक्के, मानांकन, म्हणजे परतफेडीच्या ताकदीची श्रेणी, डबल ए, 'सिक्युअर्ड' हा शब्द जाड ठशात. बाई म्हणाल्या, "तीन टक्के जास्त म्हणजे दहा लाखांवर वर्षाला तीस हजार. पेन्शनीतल्या बाईला हे कमी नाही."

कमी नाहीच. पण ते तीन टक्के कोणी प्रेमाने देत नाही. आपण दोन रकाने मांडले. सरकारी कागदावर शंभराचे वर्षाने १०७.४० होतात. डिबेंचरवर ११०.५०, जर कंपनीने दिले तर. अशा शंभर कंपन्यांतली किती वर्षाला बुडाली आणि काहीच परत मिळाले नाही, तर दोन्ही रकाने समान होतील? उत्तर २.८ येते. म्हणजे शंभरात तीन बुडाल्या की साडेदहा टक्के घेणारा सरकारी रोखेवाल्याच्या मागे पडतो. डबल ए कंपन्या एवढ्या बुडत नाहीत, आणि बुडाल्या तरी थोडे परत मिळते, म्हणून अनेक डिबेंचरे बाळगणाऱ्या म्युच्युअल फंडाला हा सौदा परवडतो. बाईंकडे शंभर डिबेंचरे नव्हती. एकच असणार होते.

"पण डबल ए आहे ना?"

२०१८ च्या ऑगस्टपर्यंत आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीला ट्रिपल ए, सर्वांत वरचे मानांकन, होते. सप्टेंबरात डी, म्हणजे पैसे थकवलेली कंपनी. मानांकन म्हणजे परीक्षेचा निकाल, प्रकृतीचा नव्हे. 'सिक्युअर्ड' म्हणजे कंपनीने ज्यांना कर्जे दिली त्या कर्जांवर तुमचा हक्क. ती कर्जेच वसूल होत नसली तर?

आणि कंपनी बुडण्याचीही गरज नाही. उद्या मानांकन एक पायरी घसरले आणि बाजार १०.५ ऐवजी १२.५ मागू लागला, तर तीच उणिवेची बेरीज: शंभरामागे वर्षाला दोन रुपये, पाच वर्षे, १२.५ टक्क्यांनी बट्टा. ७ रुपये १२ पैसे. एकही हप्ता न चुकता किंमत ९२.८८. सरकारी रोख्यातल्या ज्या घसरणीला घाबरून बाई पळत होत्या, तीच इथे जास्त खात्रीने भेटली असती, आणि विकायला गेल्यावर घेणारा मिळणे अवघड.

डिबेंचर नको, एवढे त्या दिवशी ठरले. रोखा तसाच. निघताना बाईंनी आणखी एक बॉम्ब टाकला. रोख्याच्या व्याजावर टीडीएस कापलेला नाही, म्हणजे ते करमुक्त, असे समजून त्यांनी ते पैसे विवरणपत्राच्या टिपणातून वगळले होते. कापत नाहीत, पण कर आहेच. पूर्ण व्याज उत्पन्नात धरावे लागते. हा गैरसमज सांगलीत मी किमान दहा जणांत पाहिला आहे.

एप्रिल २०२३

नऊ महिन्यांनी बाईंना मीच फोन केला. अर्थसंकल्पात ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा १५ वरून ३० लाख झाली होती, आणि १ एप्रिलपासून दर ८.२ टक्के. मार्चमध्ये बाईंची साठी पूर्ण झाली होती, त्यामुळे निवृत्तीच्या रकमेची वगैरे अट उरली नव्हती.

बाई म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होता, विकून काही मिळत नाही."

म्हणालो होतो: त्याच जातीच्या कागदात, बाजारभावाने. इथे गोष्ट वेगळी होती. कर्जदार तोच, भारत सरकार. पण योजनेचा दर बाजारात ठरत नाही, दिल्लीत ठरतो. बाजार सरकारला दहा वर्षांसाठी ७.२ च्या आसपास पैसे देत असताना तेच सरकार ज्येष्ठांना पाच वर्षांसाठी ८.२ देत होते. बाजारभावाच्या वरचा हा टक्का म्हणजे निखळ सवलत. ती घेण्यासाठी तोट्यात विकणे योग्य होते, कारण तो तोटा कधीच होऊन गेला होता. खरेदीची किंमत या हिशेबात कुठेच येत नाही. बाईंना हे पचायला सर्वांत जड गेले. मलाही तरुणपणी गेले होते.

७.२ टक्क्यांनी रोख्याची किंमत तेव्हा ९५.७७ निघत होती. दर तेवढाच राहिला असता तर पाच वर्षांनी रोखा ९७.८७ वर असता. मुदत जवळ येईल तशी किंमत आपोआप शंभराकडे सरकते. ५ लाखांच्या रोख्यामागे, ही वाढ वजा जाता, योजनेत सुमारे वीस हजार जास्त मिळणार होते.

पण सगळा नको, निम्माच विकू असे मी सुचवले. योजनेचे पैसे २०२८ मध्ये परत येतील, तेव्हा दर पाच टक्के असला तर? रोखा २०३२ पर्यंत ६.५४ देत राहील. दराची ही खात्री फुकट टाकून देण्यासारखी नव्हती.

विक्रीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. ज्या पडद्यावर विकायचे तिथे बँका आणि विमा कंपन्या कोटींत व्यवहार करतात. पाच लाखांचा तुकडा म्हणजे बेदाण्याच्या सौद्यात एक बॉक्स घेऊन उभे राहणे. तीन दिवस कोणी हात लावला नाही. शेवटी ९५.४० ला गेला, हिशेबापेक्षा ३७ पैसे कमी. ४,७७,००० आले, शिवाय जानेवारीपासूनच्या नव्वद दिवसांचे व्याज ८,१७५, जे घेणाऱ्याने किमतीशिवाय वेगळे द्यायचे असते. ते वरचे पैसे पाहून बाईंना वाटले भाव चांगला मिळाला. तसे नाही, ते त्यांचेच होते. २३,००० चा दीर्घकालीन भांडवली तोटा विवरणपत्रात दाखवायला सांगितले, पुढच्या आठ वर्षांत कधी दीर्घकालीन नफा झाला तर वळता करता येतो.

जुलै २०२५

त्या पावसाळ्यात बाई पुन्हा आल्या, आता उंचावरच्या फ्लॅटमधून. या वेळी वही आणली होती. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून एक टक्का कापून रेपो ५.५० वर आणला होता. उरलेल्या ५ लाखांच्या रोख्याला साडेसहा वर्षे राहिली होती. बाईंनी ६.२ टक्के दर धरून वहीत तेरा ओळी मांडल्या होत्या, प्रत्येक ओळीत एक हुंडी आणि तिचा बट्टा. खाली बेरीज १०१.८०. मी यंत्रावर पाहिले, १०१.८०.

"म्हणजे तेव्हा तुम्ही विकायला लावले ते चुकलेच," बाई म्हणाल्या. शाळेतला स्वर.

त्या दिवशीपुरते हो. विकलेला भाग ठेवला असता तर किमतीत ३२,००० वाढले असते. योजनेने सव्वादोन वर्षांत रोख्यापेक्षा सुमारे १४,४०० च जास्त दिले होते. रोखा साडेसतरा हजारांनी पुढे. मी बचाव केला: २०२८ पर्यंत मोजले आणि दर ६.२ वरच राहिला, तर रोख्याची किंमत पुन्हा शंभराकडे उतरत १०१.११ होईल, योजना आपला जादा हप्ता देत राहील, आणि शेवटी योजना साडेतीनेक हजारांनी पुढे असेल. बाईंनी तो आकडाही तपासला. बरोबर निघाला. साडेतीन हजारांसाठी एवढी धावपळ, असा चेहरा मात्र लपला नाही. दर एवढे उतरतील हे मी धरले नव्हते, हे कबूल केले.

मग त्यांनी मूळ प्रश्न काढला: आता वर आहे तर उरलेला विकून नफा घ्यावा का? आणि मी काही बोलायच्या आत वहीचे पान उलटले. तिथे लिहिले होते: आजच्या दरापेक्षा माझ्या रोख्याला वर्षाला १,७०० जास्त. तेरा सहामाह्या, ८५० प्रत्येकी, बट्टा कापून ८,९८२.

"नऊ हजार आज घ्यायचे आणि साडेसहा वर्षे सतराशे सोडायचे. तेच ना?"

तेच. वर साडेबारा टक्के भांडवली कर, आणि पडद्यावर त्या दिवशी घेणाऱ्याचा भाव १०१.३५. हे पंचेचाळीस पैसे बाईंनी वहीत एप्रिल २०२३ च्या सदतीस पैशांखाली लिहून ठेवले आणि चहा मागवला.